‘येतो’ म्हणून गेलेला

हल्ली आमच्यासारख्या म्हाताऱ्या मास्तरांना वर्षातून एखाद्या वेळी शाळेच्या कार्यक्रमाला बोलावतात. हार घालतात, खुर्चीवर बसवतात, आणि मग कोणी तरुण साहेब उठून ‘गळती’वर बोलतो. पहिलीत एवढी मुलं आली, शेवटी एवढी उरली, मधली गळाली. मला तो शब्दच खपत नाही. मोहोर गळतो, छप्पर गळतं, त्याला कोणाचा हात लागलेला नसतो. पोर शाळेतून जातं तेव्हा कुठे तरी एक हात असतो. त्यातला एक हात माझा आहे, आणि त्याची हकीकत मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नाही.

हैदराबादच्या राज्याची ती शेवटली सात-आठ वर्षं. शेवटली आहेत हे तेव्हा कोणाला ठाऊक होतं म्हणा! हिंगोलीकडच्या गोरेगावपासून दोन कोस आत, एका गावातल्या चौथीपर्यंतच्या शाळेत मी हंगामी मास्तर म्हणून लागलो. वय बावीस, घरी विधवा आई आणि लग्नाची बहीण, आणि डोक्यात एकच घोर, कायम कधी होतो. शाळेला खोल्या दोन आणि मास्तरही दोनच. मोठे मास्तर साठीला टेकलेले, उर्दू बोलणारे, टोपीपासून जोड्यापर्यंत टापटीप. आम्ही त्यांना सदरसाहेब म्हणत असू. माणूस वाईट नव्हता. पोरांना मारत नसत, पाणी सुद्धा स्वतः उठून घेत.

शिकवणं मराठीत असलं तरी दफ्तर सगळं उर्दूत. हजेरीच्या पटावर रोज प्रत्येक नावापुढे एक खूण पडे. हाजिर असला तर ‘हे’ हे अक्षर, गैरहाजर असला तर आडवी रेघ, आणि नावच कमी केलं, म्हणजे खारिज केलं, तर ‘खे’. उर्दू न येणाऱ्यांसाठी सांगतो, ही दोन अक्षरं जुळ्या भावांसारखी सारखी. फरक एवढाच की ‘खे’च्या डोक्यावर एक टिंब असतं, त्याला नुक्ता म्हणतात. म्हणजे हाजिर पोराच्या डोक्यावर एक टिंब टेकवलं की पोर खारिज. लागोपाठ चौदा रेघा पडल्या की पंधराव्या दिवशी ‘खे’, असा नियम होता. रजा हवी असेल तर रीतसर अर्जी द्यायची, किंवा मास्तरने आपल्या जबाबदारीवर रुख्सत द्यायची आणि पटावर तसं लिहायचं.

आमच्या शाळेचा मोठा लौकिक होता. दर साल तपासणीचे साहेब येत आणि शेऱ्याच्या वहीत लिहीत, ‘नतीजा सौ फीसद’. चौथीच्या इम्तिहानाला पाच बसले, पाच पास झाले. मी तिसरी-चौथीला टक्केवारी शिकवत होतो. ‘पैकी’ या शब्दाखाली खडूने दोन रेघा ओढून मी पोरांना सांगायचो, बाबांनो, सगळी मेख इथं आहे, आधी कशापैकी ते बघा. आणि आपल्याच शाळेच्या निकालात कशापैकी, हे मात्र मी कधी बघितलं नाही. त्या पाचांबरोबर पहिलीत आलेली बाकीची पोरं त्या ‘पैकी’त धरलेलीच नसत. एखादं पोर कच्चं किंवा अडीनडीचं दिसलं की सदरसाहेब दिवाळीपासूनच त्याच्या रेघा मोजायला लागत. निकाल पडला तर शाळा उचलून सेनगावला नेतील, ही त्यांची धास्ती होती. ती अगदीच खोटी होती असंही नाही.

त्या साली चौथीत तांड्यावरचा एक मुलगा होता. तांडा गावापासून अर्ध्या कोसावर, ओढ्यापलीकडे. त्या लोकांच्या आजा-पणजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लांब लांब वाहिलं होतं. आता ते कोरडवाहू शेती करत आणि कापसाच्या हंगामात गावोगावचा कापूस गाड्या भरून हिंगोलीच्या सरकी काढायच्या जिनात पोचवत. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा, वर्गात सगळ्यांत थोराड, मांडी घालून बसला तरी पुढच्याचं डोकं त्याच्या हनुवटीला लागे. हिशोब त्याच्या तोंडात असे. मी गणित घालून वळायच्या आत उत्तर येई, आणि मग मला उगाच वाटे की याने आधीच पाहून ठेवलं की काय.

त्याच्या तांड्याला त्याची गरज होती. सरकारी कागद आला की तो वाचून घ्यायला त्यांना गावात यावं लागे, आणि वाचणारा खरं वाचतो की खोटं, हे ऐकणाऱ्याला कळायचा मार्ग नव्हता. एकदा त्यापायी त्यांच्या हातून चराईचं रान गेलं होतं. तेव्हा त्यांच्या नाईकाने, म्हणजे तांड्याच्या मुख्याने, ठरवलं की आपल्यातलं एक तरी पोर वाचणारं झालं पाहिजे. बाप नाखूश होता, पण नाईकापुढे कबूल झाला. तो मला म्हणाला, “गुर्जी, एवढं साल देतो. पास झालं तं हिंगोलीला घाला, न्हाई झालं तं गाडीला जुंपतो. पुन्हा इचारू नका.” त्या मुलाचं सगळं त्या एका सालावर होतं, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

घरात ते आपल्या बोलीत बोलत, त्यामुळे त्याची मराठी कधी कधी आडवाटेने जाई. सुरुवातीला शाळा सुटली की तो दारात उभा राहून खणखणीत म्हणायचा, “जातो, गुर्जी!” एक दिवस मी त्याला थांबवलं.

“जातो काय म्हणतोस रे? मसणात जायचंय का? माणसानं ‘येतो’ म्हणावं.”

“पर मी तं जाऊन राहिलो, गुर्जी.”

“जाताना ‘येतो’ म्हणावं. म्हणजे परत येणार. आणि मोठ्या माणसानं ‘ये’ म्हणावं. तेवढं म्हटलं की झालं.”

पोरं खो खो हसली. तो हसला नाही. त्याने मान हलवली आणि म्हणाला, “येतो.” मी म्हणालो, “ये.” त्या दिवसापासून तो माझं ‘ये’ ऐकल्याशिवाय दारातून हलत नसे. मी कामात असलो तर तसाच उभा राही. मला त्याची गंमत वाटे.

संक्रांत झाली आणि चार दिवसांनी भर वर्गात तो दाराशी आला. अंगाला कापसाचे पुंजके चिकटलेले. बापाच्या पायावरून गाडीचं चाक गेलं होतं, भाड्याच्या खेपा ठरलेल्या होत्या, गाडी हाकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा तो एवढंच म्हणाला, “येतो, गुर्जी.” मी फळ्याकडे तोंड करून अपूर्णांकाचं गणित मांडत होतो. पाठ न फिरवता म्हणालो, “ये.”

दुसऱ्या दिवसापासून त्याच्यापुढे रेघा पडायला लागल्या. पाच झाल्या, आठ झाल्या. ओढ्यापलीकडे जाऊन विचारावं असं रोज वाटे आणि रोज राहून जाई. बारा झाल्या तेव्हा मी रेघ ओढताना खालच्या नावाकडे बघायला लागलो. चौदा झाल्या. पंधराव्या दिवशी सकाळी पट उघडला, आणि मी त्याच्या नावापुढे ‘हे’ लिहिलं. हाजिर. रेघांची माळ तुटली, बस्स. कोण मोजतं!

सदरसाहेब मोजत होते. दुपारी पट हातात घेऊन ते माझ्या वर्गात आले, डोकी मोजली, पुन्हा मोजली आणि हळू आवाजात म्हणाले, “मियाँ, ये हाजिर बच्चा कहाँ बैठा है, जरा दिखाओ.”

खोटी हजेरी म्हणजे हंगामी मास्तरला घरचा रस्ता. त्यांनी आपली दौत माझ्यापुढे सरकवली. “एक नुक्ता डाल दो. तुम भी बच जाओगे, स्कूल भी. दो दिन में तपासणी है.” आणि एक उसासा टाकून त्यांनी ती जुनी म्हण म्हटली, “नुक्ते के हेर-फेर से खुदा जुदा हो गया.” मी टाक बुडवला आणि टिंब दिलं. माझी शाई निळी होती, त्यांची काळी. निळ्या ‘हे’च्या डोक्यावर काळं टिंब बसलं आणि मी वही मिटली.

तपासणीच्या दिवशी सकाळी वर्गात गेलो, तर तो आपल्या जागेवर मांडी घालून बसलेला. रात्रभर गाडी हाकून आला होता. डोळे तांबडे, हाताला कासऱ्याचे वळ, पण पाटी पुसून स्वच्छ. मला बघून उभा राहिला आणि म्हणाला, “आलो, गुर्जी.” म्हणजे शब्द पाळला, अशा आवाजात. काय सांगणार त्याला? मी म्हणालो, “बस.”

मधल्या सुट्टीत साहेबांची दमणी यायची होती. तेवढ्यात मी चाकू काढला आणि पट उघडला. शाई खरवडून काढायची रीत आम्हा मास्तरांना चांगली ठाऊक असते. पातं टिंबावर टेकवलं. कागद जुना, पातळ. जोर केला असता तर भोक पडलं असतं, न करता टिंब जात नव्हतं. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मी चाकू मिटून खिशात घातला, आणि खरं सांगायचं तर घुंगरं वाजली म्हणून मला बरंच वाटलं.

साहेब उंच, वयस्क, मराठी समजणारे पण उर्दूत बोलणारे. त्यांनी पोरांना उभं करून गणितं घातली. आमचे चार हुकमी एक्के एकेका गणितावर चाचपडायला लागले. मग त्यांनी मागे बसलेल्या थोराडाकडे बोट केलं आणि मराठीतच विचारलं, बारा गाड्या कापूस, प्रत्येक गाडीत नऊ मण, एकूण किती?

“एकशेआठ मण,” तो म्हणाला, आणि जरा थांबून, “दहिवरात भिजला असंल तं जास्त भरंल, साहेब. मंग जिनवाला काटून घेतो.”

साहेब मोठ्याने हसले. त्यांनी त्याला पुस्तकाचं पान वाचायला दिलं, ते त्याने न अडखळता वाचलं. “नाम?” नाव सांगितलं. साहेबांनी पट मागितला. त्यांचं बोट नावांवरून खाली उतरत गेलं. बोट थांबलं. त्यांनी वही उजेडाकडे वळवली.

“खारिज?” ते म्हणाले. मग डोळे बारीक करून, “हर्फ नीला, नुक्ता काला.” त्यांनी मुलाला विचारलं, “रुख्सत घेतली होती का? रजा?”

“व्हय,” तो लगेच म्हणाला. “गुर्जीला इचारून गेलो. मी ‘येतो’ म्हनलो, गुर्जी ‘ये’ म्हनले.”

मी सदरसाहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांनी किंचित मान हलवली. ती मान ‘हो म्हण’ अशी होती की ‘नको’ अशी, ते मला कळलं नाही. मला ते कळून घ्यायचं नव्हतं, हे जास्त खरं.

साहेब माझ्याकडे वळले. आवाजात राग नव्हता. “मास्टर साहब, आपने रुख्सत दी थी? दी थी तो बोलिए. ये नुक्ता गलती से पड़ा है, मैं काट के दस्तखत करता हूँ. बच्चा इम्तिहान में बैठेगा.”

एक ‘जी’ म्हणायचं होतं. एवढंच. पण माझ्यापुढे पुढचे प्रश्न उभे राहिले. रुख्सत दिली होती तर पटावर का लिहिली नाही? चौदा रेघा कशाला? आणि मग हा निळा ‘हे’ कोणी लिहिला? आई दिसली, बहीण दिसली, कायमचा हुकूम दिसला. तो मुलगा माझ्याकडे अगदी निवांत बघत होता. त्याला वाटत होतं, आता गुर्जी सांगतील.

“नहीं, साहब,” मी म्हणालो. “वो तो... यहाँ सब लोग बोलते हैं. जाताना म्हणायचा रिवाज आहे. ‘येतो’ का मतलब ‘जाता हूँ’.”

साहेबांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. “अच्छा,” ते म्हणाले. “तो ये सलाम हुआ, अर्जी नहीं.” त्यांनी स्वतःची लेखणी काढली, त्या टिंबाशेजारी सही केली आणि वही मिटली. मुलाला म्हणाले, “अगले साल आना, बेटे.” पुढचं साल त्याच्याकडे नव्हतं, हे त्यांना कोण सांगणार? मी सांगू शकलो असतो.

त्याने पाटी उचलली. घाई केली नाही, रडला नाही. पोरांनी पाय आवरून वाट दिली. दाराशी नेहमीच्या जागी तो थांबला आणि माझ्याकडे वळला. त्या क्षणी मला वाटलं, हा ‘येतो’ म्हणेल आणि मी ‘ये’ म्हणेन, आणि कसं तरी सगळं निभावून जाईल.

“जातो, गुर्जी,” तो म्हणाला.

‘ये’ ऐकायला तो थांबला नाही.

त्या साली चौथीला चार बसले आणि चार पास झाले. साहेबांनी शेऱ्याच्या वहीत सौ फीसद लिहिलं. मी कायम झालो. निकालाच्या दिवशी सदरसाहेबांनी मला पेढा दिला, स्वतः खाल्ला नाही. म्हणाले, “मैं तो समझा था, तुम हाँ कहोगे. मैं संभाल लेता.” मला त्यांचा इतका संताप आला की पेढा तोंडात असताना मी बाहेर गेलो. त्यांच्यावर रागावणं सोपं होतं, म्हणून कैक वर्षं मी त्यांच्यावरच रागावलो. टिंब त्यांच्या दौतीतलं, पण हात आणि जीभ दोन्ही माझी होती.

अठ्ठेचाळीस साली राज्य बदललं. सदरसाहेब त्याआधीच लेकाकडे राहायला गेले होते, आणि शाळा माझ्या हाती आली. दफ्तर मराठीत झालं, नुक्ते गेले. मी पहिल्याच महिन्यात जुने पट काढून बसलो आणि पहिलीपासूनची सगळी नावं एका कागदावर उतरवली. कशापैकी, ते शेवटी बघितलं. मग एके दिवशी उन्हं उतरल्यावर ओढा ओलांडून तांड्यावर गेलो. सात वर्षं मला तो ओढा ओलांडता आला नव्हता. त्यात पाणी पोटरीएवढं असतं.

तो अंगणात गाडीला वंगण घालत होता. अंगाने भरलेला, मिशा राखलेल्या. मला ओळखलं, बाज टाकली, पाणी दिलं. लहान भाऊ शेजारी उभा होता, आठ-नऊ वर्षांचा. मी म्हणालो, मी माफी मागायला आलोय. तो वंगणाचे हात पुसत राहिला. मी म्हणालो, माझं चुकलं, त्या दिवशी मी हो म्हणायला पाहिजे होतं. तो म्हणाला, “व्हय. म्हनायला पायजे होतं.” बस, एवढंच. पुढे मी म्हणालो की तुमची पोरं हंगामात शाळेत येऊ शकत नाहीत, तर मीच सोमवारपासून इथं येऊन शिकवीन, ती खेपांवरून परत आल्यावर. एकाचंही नाव कमी करणार नाही. त्याने ऐकून घेतलं आणि वंगणाचं भांडं गाडीखाली सरकवलं.

मी उठलो आणि सवयीने तोंडातून गेलं, “येतो.”

तो हसला. वाईट हसला नाही, पण हसला. “लेखी द्या, गुर्जी.”

मला ते लागलं, आणि लागायलाच पाहिजे होतं. मी खिशातला कागद काढला, तीच जुन्या नावांची यादी होती, आणि तिच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलं, ‘सोमवारी येतो.’ खाली सही केली. त्याने कागद घेतला आणि उजेडाकडे धरला, त्या दिवशी साहेबांनी पट धरला होता तसा. ओठ हलवत, अक्षर अक्षर जोडत त्याने वाचलं. भावाला जवळ घेऊन त्याच्या बोटाने पुन्हा वाचलं. मग कागद उलटा केला. यादीत खालच्या बाजूला त्याचं नाव होतं, ते त्याला सापडलं. त्या नावापुढे ना ‘पास’ ना ‘खारिज’, मी काहीच लिहिलेलं नव्हतं. त्याने तिथे बोट ठेवलं. मी ओढ्याकडे तोंड फिरवलं, पुढे बघायचा धीर होत नव्हता.

“या,” तो म्हणाला.